सासऱ्यांचं लिनक्स, माझं विंडोज

लग्न होऊन मी झाशीला आले तेव्हा घरात एकच कॉम्प्युटर होता आणि तो खास माझ्यासाठी घेतलाय, असं नवऱ्याने मला सांगितलं होतं. नंतर कळलं की सासऱ्यांनाही त्याने हेच सांगितलं होतं. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनियर. महिन्यातले वीस-वीस दिवस कुठल्या तरी वीजकेंद्राच्या साइटवर असायचा. जाताना सगळ्यांना खूश करून जायचं, ही त्याची रीत. मागे घरात आम्ही दोघंच उरायचो, मी आणि बाबा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

घर दतिया गेटजवळच्या गल्लीत, दुमजली. खालच्या खोलीत फडताळाशेजारी टेबल आणि त्यावर तो कॉम्प्युटर. मी सांगलीची. लग्नाआधी पुण्यातल्या एका प्रकाशकांकडे पानं लावायचं काम करत होते. शाळेच्या सरावपुस्तिका असायच्या. मजकूर, आकृत्या, शेवटची उत्तरं, सगळं जुळवून छपाईला तयार पानं द्यायची. लग्नानंतर तेच काम घरून करायची मुभा मिळाली. त्याचं सॉफ्टवेअर आणि जुने मराठी फॉन्ट विंडोजवरच चालत. त्या अनोळखी गावात ते काम सोडलं तर माझं स्वतःचं म्हणावं असं काहीही नव्हतं.

बाबा त्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज सव्वादोनशे वर्षांपूर्वी कारकुनीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकली होती, पण हिंदीच्या वळणाची. पहिल्याच आठवड्यात बाबांनी विचारलं, "माझा दही कुठे ठेवला?"

मी म्हटलं, "माझं दही."

त्यांनी वाटीवरची नजरही उचलली नाही. "आमच्याकडे दही खातात, सूनबाई. व्याकरण नाही खात."

मी गंमत म्हणून बोलले होते. त्यांनी ते गंमत म्हणून घेतलं नाही. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, मीही अगदी गंमत म्हणून बोलले नव्हते.

निवृत्तीनंतर बाबांनी एक काम अंगावर घेतलं होतं. झाशी, समथर, मऊरानीपुर अशा ठिकाणी विखुरलेल्या जुन्या मराठी घराण्यांची वंशावळ ते तयार करत होते. पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि वही घेऊन बसने जायचे. म्हाताऱ्या माणसांसमोर तासन्‌तास बसून नावं उतरवून घ्यायचे. परत आले की सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं. म्हणजे त्या एका खुर्चीवर दोघांचा हक्क. सकाळी ते, दुपारी मी, असं ठरलं. ते कधी पाळलं गेलं नाही. माझं पान अर्धवट असताना ते मागे येऊन उभे राहत आणि काही न बोलता घसा खाकरत.

पहिलं वर्ष असंच गेलं. मग आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी पंधरा दिवस सांगलीला गेले. परत आले, अंघोळ करून कामाला बसले, बटण दाबलं. नेहमीचं निळं चित्र आलंच नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. वर लिनक्स, खाली विंडोज. कोपऱ्यात आकडे उलटे पळत होते. दहा, नऊ, आठ. मी बघत बसले तोवर शून्य झालं आणि एक भलताच जांभळट पडदा उघडून मला पासवर्ड विचारू लागला.

"बाबा, हे काय आहे?"

"लिनक्स." ते पेपर वाचत होते. "तुझं विंडोज दुकानदाराने चोरून टाकलेलं आहे. लायसन्स नाही त्याचं. मी छत्तीस वर्षांत कारखान्यातून पेन्सिल नाही आणली घरी. हे फुकट आहे आणि सच्चं आहे."

"पण माझं काम?"

"तुझं तसंच आहे. मी डिस्कची वाटणी केली. अर्धी तुझी, अर्धी माझी. बाण खाली ने आणि एंटर दाब. इतकं तर येतं ना?"

माझ्या फायली खरंच तशाच होत्या, हे मान्य करायला हवं. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने वाचनालयातल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून शिकून हे एकट्याने पार पाडलं होतं आणि माझं एक पानही हललं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या सासऱ्यांनी केलं असतं तर मी कौतुकाने चार घरी सांगितलं असतं. पण माझी सगळी कमाई ज्या डिस्कवर होती तिची वाटणी त्यांनी मला न विचारता, मी आठशे मैलांवर असताना केली होती. फोनवर रोज बोलत होतो. आईचा डोळा कसा आहे, हे रोज विचारत होते. याबद्दल चकार शब्द नाही.

त्या दिवसापासून आमचं युद्ध सुरू झालं, आणि ते फार बारीक हत्यारांनी लढलं गेलं.

बटण दाबल्यावर दहा सेकंदांत खाली विंडोज निवडलं नाही, तर वरचं लिनक्स आपोआप सुरू व्हायचं. गॅसवरचं दूध बघायला उठले की परत येईपर्यंत बाबांचं राज्य. मग ते बंद करा, पुन्हा सुरू करा. मी म्हटलं, "बाबा, विंडोज वर ठेवा ना. दिवसभरात माझं काम जास्त असतं."

"विचार करतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर आकडा तीनपासून सुरू झाला. त्यांनी दहाचे तीन सेकंद केले होते. हे बदलायचं तर लिनक्समधूनच बदलता येत होतं आणि तिथला पासवर्ड त्यांच्याकडे. मी मागितला. म्हणाले, "तुझ्या कपाटाची चावी मी मागतो का?"

मीही गप्प बसणारी नव्हते. बाबांचा स्कॅनर फक्त विंडोजवर चालायचा. म्हणून जुन्या कागदांचे फोटो ते माझ्या बाजूच्या एका ड्राइव्हवर ठेवत आणि नंतर आपल्या लिनक्समधून उघडून त्यांची नावं बदलत, वर्गवारी करत. माझ्या लक्षात आलं की विंडोज पूर्ण बंद न करता नुसतं झोपवून ठेवलं, तर लिनक्सला तो ड्राइव्ह दिसतो, पण त्यात काही लिहिता येत नाही. झालं. मी विंडोज बंद करणंच सोडून दिलं. सकाळी स्वयंपाकघरातून मला त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं, "ये क्या तमाशा है." मी पोळ्या लाटत असायचे. त्या पोळ्या छान गोल व्हायच्या.

याच दिवसांत विंडोजमधलं घड्याळ चुकू लागलं. दुपारी तीन वाजता ते सकाळचे साडेनऊ दाखवायचं. मी नीट करायचे, एक-दोन दिवसांनी पुन्हा मागे. घरात इंटरनेट मी मोबाइलवरून लागेल तेवढंच जोडत असे, त्यामुळे ते आपोआप दुरुस्तही व्हायचं नाही. मला वाटलं, आतला छोटा सेल संपला असेल. बाजारातून मेकॅनिकला बोलावलं. साठीच्या आतबाहेरचा, चष्मा कपाळावर चढवलेला, शांत माणूस. त्याने डबा उघडला, सेल बदलला, धूळही झटकली. बाबा समोरच्या खुर्चीत बसून सुपारी कातरत सगळं बघत होते. मेकॅनिक जाताना म्हणाला, "अब नहीं बिगड़ेगा, भाभीजी." बाबांनी सुपारी तोंडात टाकली.

तीन दिवसांनी घड्याळ पुन्हा मागे. मी नाद सोडला. भिंतीवर घड्याळ होतंच.

आता मुख्य गोष्ट सांगते. इयत्ता चौथीची गणिताची सरावपुस्तिका होती. छपाईला जायच्या दिवशी सकाळी मी पूर्ण फाइल तयार करून एका फोल्डरमध्ये ठेवली. मग पुण्याहून प्रकाशकबाईंचा फोन आला. आधी बघायला पाठवलेल्या उत्तरांच्या पानांत बऱ्याच चुका आहेत, दुरुस्त करून आज संध्याकाळपर्यंत पाठवा. दुपारी बाबा दोन तास आपल्या लिनक्सवर बसले. ते उठल्यावर मी चुका दुरुस्त केल्या, सवयीप्रमाणे नवी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये त्याच नावाने ठेवली आणि चहा टाकायला गेले. संध्याकाळी पाठवताना दोन्ही फायली तारीख-वेळेप्रमाणे लावल्या आणि जी सगळ्यांत नवी दिसली ती पाठवून दिली. उघडून बघितली नाही. बघायला हवी होती. ही चूक माझी, आणि ती मी आजही कुणावर ढकलत नाही.

पुस्तिका छापून शाळांत पोचली. तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"जुनी उत्तरं छापली गेलीत. पालकांची पत्रं येताहेत. मी तुमच्यावर विसंबले होते हो."

"बाई, मी दुरुस्त केली होती. खरंच केली होती."

"असेल. पण आली ती जुनीच. आता पुढचं काम मी इथल्याच कुणाला देते. रागावू नका."

फोन ठेवून मी दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या. दुरुस्त केलेल्या फायलीवर वेळ होती सकाळी नऊ चाळीस. जुनीवर सकाळी अकरा. पण दुरुस्ती तर मी जेवणानंतर केली होती! कूलरमध्ये पाणी भरून मग बसले होते, इतकं लख्ख आठवत होतं. नवऱ्याला साइटवर फोन लावला. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "अगं, हा दोन सिस्टिमचा घोळ आहे. लिनक्स आतलं घड्याळ लंडनच्या हिशेबाने ठेवतं, विंडोजला वाटतं ते इथलंच आहे. साडेपाच तासांचा फरक पडतो. एका ओळीच्या कमांडने नीट होतं. बाबांना माहीत आहे. त्यांनीच तर मला हसत सांगितलं होतं की तू सेल बदलून घेतलास."

हसत. हा शब्द त्याने सहज वापरला. त्याला काही वाटलं नाही.

बाबा बाहेरच्या खोलीत वहीत काही लिहीत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"घड्याळ का मागे पडतं, ते तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या हफ्त्यापासून."

"मेकॅनिक आला तेव्हा तुम्ही समोर बसला होतात."

"बसलो होतो. तू विचारलं मला? तुला तर सगळं येतं. मी म्हटलं, बदलू दे सेल."

"बाबा, माझं काम गेलं. पुण्याचं काम गेलं."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी हललं. मी अजून एखादं मिनिट गप्प राहिले असते तर कदाचित वेगळं काही झालं असतं. पण मी म्हणाले, "तुमच्या त्या मेलेल्या लोकांच्या यादीसाठी."

त्यांचा चेहरा बंद झाला. "चोरीच्या सिस्टिमवरचं काम होतं," ते म्हणाले. "जाणारच होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मऊरानीपुरला गेले. तिथे एका घरी जुनी पत्रं सापडली होती, मुक्काम करून परत येणार होते. मी डबा भरून दिला. बटाट्याची भाजी, पुऱ्या, लोणचं. दार लावलं, स्वयंपाकघर आवरलं आणि कॉम्प्युटरसमोर बसले.

विंडोजमधून डिस्कचे भाग दिसतात. त्यात बाबांचा भाग निनावी होता, नुसता आकार दिसत होता. त्यावर उजवं बटण दाबलं. काढून टाका, असा पर्याय होता. यातली सगळी माहिती जाईल, नक्की काढायचं का, असं मशीनने विचारलं. बाहेर भाजीवाला ओरडत होता.  मी 'हो' दाबलं आणि मला बरं वाटलं. खूप दिवसांनी इतकं बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतंय, पण तसं झालं होतं.

मग मी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. दोन ओळी आल्या नाहीत. विंडोजही आलं नाही. काळ्या पडद्यावर 'असा भाग सापडत नाही' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ आणि तिच्याखाली लुकलुकणारी एक रेघ. सुरुवातीची ती यादी दाखवणारा प्रोग्रॅम बाबांच्या भागात राहत होता, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांचं घर पाडताना मी माझाही जिना पाडला होता.

बाबा दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला आले. खूश होते. पत्रांचे फोटो मोबाइलवर घेऊन आले होते. हातपाय धुवून थेट कॉम्प्युटरवर बसले. मी पानं वाढत होते. बराच वेळ बटणांचा आवाज येत राहिला. मग थांबला. मग पुन्हा. शेवटी ते स्वयंपाकघराच्या दारात आले.

"सूनबाई, माझ्या हातून काही गडबड झालेली दिसते. जायच्या आधी मी अपडेट लावलं होतं. त्यात बिघडलं असेल. तुझंपण सुरू नाही होत आहे." थोडं थांबून म्हणाले, "माफ कर. तुझी कामं अडणार."

त्या घरात मी आल्यापासून त्यांनी माझी कधी माफी मागितली नव्हती. माझ्या हातात पळी होती. मी वरण ढवळलं.

"असेल," मी म्हणाले.

पुढचे तीन दिवस ते त्या काळ्या पडद्यासमोर बसून होते. वहीत उतरवून घेतलेल्या कमांड एकेक करून बघायचे. वाचनालयातल्या गृहस्थांना फोन करायचे. जेवायला हाक मारली की यायचे, पण अर्धं पान तसंच राहायचं. एकदा वरणभात कालवता कालवता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "समथरच्या आजोबांनी अकरा पिढ्या तोंडपाठ सांगितल्या होत्या. मी तिथे मोबाइलवर रेकॉर्ड केलं, आल्यावर यात टाकलं आणि मोबाइलमधून पुसलं. श्रावणात गेले ते. आता कोण सांगणार?"

मला हे माहीत नव्हतं असं नाही. ते आजोबा गेल्याची बातमी आली तेव्हा बाबांना पाणी मीच नेऊन दिलं होतं. दया आली का? आली असेल, पण तिच्याबरोबर हेही मनात होतं की आता कळू दे, काम जाणं म्हणजे काय ते. दोन्ही एकाच वेळी मनात होतं आणि दुसरं जास्त होतं.

चौथ्या दिवशी त्यांनीच मेकॅनिकला निरोप धाडला आणि स्वतः पेन्शनच्या कामाला बँकेत गेले. तोच चष्मेवाला माणूस आला. आपली सीडी लावून त्याने आत डोकावून बघितलं आणि माझ्याकडे वळला.

"भाभीजी, ये अपने आप नहीं उड़ा. किसी ने उड़ाया है."

मी टेबलावरची धूळ पुसू लागले.

"दो रास्ते हैं. पूरा साफ़ करके नया विंडोज़ डाल दूँ, एक घंटे में चालू. नहीं तो मशीन दुकान ले जाऊँ, निकालने की कोशिश करूँ. अंकलजी का कुछ ज़रूरी था क्या इसमें?"

त्याने हे मला विचारलं होतं, बाबांना नाही. घरात तिसरं कुणी नव्हतं. 'नाही, काही नव्हतं' एवढं म्हटलं असतं, तर एका तासात कॉम्प्युटर पूर्ण माझा झाला असता आणि बाबा जन्मभर स्वतःलाच दोष देत बसले असते.

मी म्हटलं, "था. सब निकालिए. जितना समय लगे."

लोकांना वाटेल, मन विरघळलं. तसं नव्हतं. त्या तीन दिवसांत मला एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली होती. ती माहिती कायमची गेली, तर आमच्या भांडणात बाबा कायमचे बरोबर ठरणार होते. घड्याळाचं त्यांचं वागणं, हसून नवऱ्याला सांगणं, सगळं धुतलं जाणार होतं. समथरच्या आजोबांच्या अकरा पिढ्यांपुढे माझ्या चौथीच्या गणिताला कोण विचारणार? माझा राग मला शाबूत हवा होता. त्यासाठी त्यांची वंशावळ परत यायला हवी होती.

ती आली. मेकॅनिकने दोन दिवसांनी मशीन आणून जोडलं, बटण दाबलं आणि दोन ओळी पुन्हा पडद्यावर आल्या. बाबांनी खुर्ची ओढली, भराभर फोल्डर उघडले, एक आवाजाची फाइल लावली. खोलीत एका म्हाताऱ्या माणसाचा खरखरीत आवाज भरला. कुणाचा मुलगा कोण, त्याचा कोण. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"मुझसे ही बिगड़ गया था," ते मेकॅनिकला म्हणाले. "अपडेट में."

"नहीं अंकलजी," तो सरळपणे म्हणाला, "आपसे कुछ नहीं हुआ. विंडोज़ से डिलीट किया गया था." बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं. तो तारा गुंडाळू लागला.

बाबांनी तो आवाज बंद केला. मग मेकॅनिकला विचारलं, "चाय लेंगे?" तो नको म्हणाला आणि घाईने निघाला.

दार लागल्यावर बाबा माझ्याकडे वळले. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं, मी तयारीत होते.

"मी तुझी माफी मागितली होती," ते म्हणाले.

"हो."

"तू ती घेतलीस."

 डिलीट केल्याचं उत्तर माझ्याकडे होतं, तीन सेकंदांचं होतं, घड्याळाचं होतं. सगळं पाठ करून ठेवलं होतं. याचं नव्हतं.

त्यानंतर बाबा माझ्याशी मराठीत बोलले नाहीत. रागावले की ते हिंदीत जात, हे मला माहीत होतं. पण संध्याकाळपर्यंत परत येत. या वेळी आले नाहीत. "आप खाना लगा दीजिए." "आपका फ़ोन बज रहा है." बाहेरच्या माणसाशी बोलावं तसं, अदबीने. नवरा आला की त्याच्याशी मराठी, शेजारच्या जुन्या कुटुंबाशी मराठी, माझ्याकडे वळले की हिंदी. मी मात्र त्यांना मराठीतच उत्तर देत राहिले. त्यात माझाही हट्ट होता.

विंडोजमधलं घड्याळ दुसऱ्याच दिवशीपासून बरोबर चालू लागलं. ते कुणी नीट केलं हे सांगायला नको. मला त्याचा उपयोग नव्हता. माझं त्या मशीनवर काही कामच उरलं नव्हतं.

दीड-दोन वर्षांनी मी नवऱ्याच्या मागे लागून स्वतःसाठी एक जुना लॅपटॉप मिळवला आणि वरच्या खोलीत बसून मराठी-हिंदी भाषांतरं करू लागले. नवऱ्याने मध्यस्थी करून बघितली. एकदा दोघांना समोरासमोर बसवून म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीवरून?" त्यावर बाबा आणि मी एकाच वेळी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून गेला. आमचं एकमत झाल्याचा तो एवढाच प्रसंग.

वंशावळ पूर्ण व्हायला बाबांना आणखी पाच वर्षं लागली. छापायची वेळ आली तेव्हा झाशीत मराठी पानं लावू शकणारं माणूस त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर बसलेलं होतं. त्यांनी ते काम बाजारातल्या एका हिंदी प्रेसला दिलं. प्रूफं आली आणि जेवणाच्या टेबलावर आठवडाभर पडून राहिली. बाबांचे डोळे तोवर अधू झाले होते, भिंग लावून दोन पानं वाचायचे आणि दमायचे. ते दुपारी झोपले असताना मी चाळली. हिंदीत 'ळ' नाही, म्हणून जुळवणाऱ्याने पानोपान 'ल' घातला होता. कुल, मूल गाव, वंशावल. लोकांची आडनावंसुद्धा बिघडवून ठेवली होती.

मला ते बघवेना. यात बाबांविषयी काही नव्हतं. वाकडी चौकट दिसली की माझा हात जातो, तसा गेला. चार दुपारी बसून मी अख्खं प्रूफ पेन्सिलने दुरुस्त केलं, समासात खुणा केल्या आणि होतं तिथे ठेवून दिलं. बाबांनी ते भिंगाखाली धरून बघितलं. माझं अक्षर त्यांना माहीत होतं. त्यांनी पान उलटलं, दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. मग फडताळातून नव्या कोऱ्या प्रूफांचा दुसरा गठ्ठा काढला, प्रेसने दोन प्रती पाठवल्या होत्या. त्यावर सही केली आणि तो पाठवून दिला.

पुस्तक तसंच छापलं गेलं. मराठी मंडळींच्या गणपतीत त्याचं प्रकाशन झालं. कुणी तरी उठून चुकांबद्दल विचारलंच. बाबा म्हणाले, "इथे असंच बोलतात." मी बायकांच्या रांगेत बसले होते. खोटं होतं ते. इथेही 'ळ' बोलतात, ते स्वतः बोलतात. तेव्हा मला हसू आलं नाही आणि समाधानही वाटलं नाही. 

बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. खालच्या कॉम्प्युटरवर फक्त त्यांचं लिनक्स आहे, अक्षरं मोठी करून घेतली आहेत. गेल्या महिन्यात जिन्याखालून हाक आली, "सुनिए, ये चालू नहीं हो रहा." मी खाली गेले. पुसताना मागची वायर सैल झाली होती. टेबलाखाली वाकून ती नीट बसवली.

"हो गया?"

"झालं."

ते आपल्या खुर्चीत बसले, मी वर आले. भाषांतराची तीन पानं संध्याकाळपर्यंत द्यायची होती.